शिळ्या पाण्याचा रकाना

वॉरंटीच्या फॉर्मवर अकरा प्रश्न होते. त्यांतल्या दहांची उत्तरं मी पाच मिनिटांत लिहिली. सातवा प्रश्न असा होता: बसवल्यानंतर टाकीला किंवा स्टँडला कधी धक्का लागला आहे काय? पुढे दोन चौकोन होते, हो आणि नाही. मी 'हो'च्या चौकोनात खूण केली आणि खालच्या दोन ओळींत धक्का कधी लागला आणि कोणाकडून लागला तेही लिहिलं. त्या दोन ओळींमुळे आमच्याकडे भाड्याने राहणारी एक मुलगी परीक्षेच्या तोंडावर घर सोडायला निघाली.

टाकी म्हणजे माशांची काचेची टाकी. माझ्या मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला, जुलैत घेतली होती. लांबी बाराशे मिलिमीटर, रुंदी चारशे, उंची पाचशे. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा काळा स्टँड तिच्यासोबतच आला होता. ऑस्ट्रेलियातल्या वेरिबी उपनगरातलं आमचं घर तेव्हा चार वर्षांचं होतं, तरी जमीन कुठे किती सपाट आहे याची मला खात्री नव्हती, म्हणून आधी स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. पॅसेज संपून बैठकीची खोली जिथे सुरू होते तो कोपरा सगळ्यांत सपाट निघाला. टाकी तिथे बसवली. पावती, वॉरंटीचं कार्ड आणि स्टँडच्या जोडणीचा कागद एका फाइलमध्ये लावले. हे सगळं होईपर्यंत मुलगी वाट बघून कंटाळली होती. "बाबा, इट्स अ फिश टँक, नॉट अ ब्रिज," ती म्हणाली. मी नोकरीत पुलांचंच काम करतो, त्यामुळे टोमणा बरोबर लागला.

टाकीतलं पाणी उडून जातं हे मला ठाऊक होतं. किती उडतं ते मात्र ठाऊक नव्हतं, म्हणून वही घातली. दर रविवारी सकाळी पाण्याची पातळी मोजायची, किती मिलिमीटर उतरली ते लिहायचं, आणि पाणी घालून पातळी पुन्हा खुणेवर आणायची. पहिले दहा रविवार वहीत असे आहेत: सहा, सात, सहा, सहा, पाच, सात, सहा, सहा, सहा, सात. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, झाकण आणि हीटर असलेल्या टाकीला एवढं पाणी उडणं ठीक आहे. मीही निश्चिंत झालो.

ती मुलगी आली सप्टेंबरच्या शेवटी, युनिव्हर्सिटीच्या सत्रामधल्या सुट्टीत. त्या वर्षांत विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. वेरिबीच्या ट्रेनमध्ये सकाळी बघावं तर प्रत्येक डब्यात आपली चार-सहा पोरंपोरी पाठीवर सॅक घेऊन उभी. भारतीय वाण्याच्या दुकानातला फळा 'खोली आहे', 'खोली पाहिजे' अशा चिठ्ठ्यांनी भरलेला असायचा, आणि 'आहे'ची चिठ्ठी संध्याकाळपर्यंत टिकत नसे. आमची एक खोली रिकामी होती. बायको म्हणाली, "अहो, एखादी मुलगी ठेवू या. घरात मराठी बोलणारं आणखी एक माणूस होईल, कार्टीच्या कानावर तरी पडेल." फळ्यावर चिठ्ठी लावून आम्ही घरी पोचेपर्यंत फोन आला होता.

मुलगी जतकडची. सांगली जिल्ह्याचा तो कोरडा भाग. इथे अकाउंटिंगचं मास्टर्स करत होती आणि शनिवार-रविवार वृद्धाश्रमात शिफ्ट करत होती. बोलणं कमी, पण जे बोलायची ते स्पष्ट. पहिल्या दिवशी ती मोठी बॅग ओढत पॅसेजमधून आली तेव्हा कोपऱ्यावर ठक् असा आवाज झाला. आवाज आम्ही चौघांनीही ऐकला. ती म्हणाली, "सॉरी काका, भिंतीला लागली." मी "नो वरीज" म्हटलं आणि विसरूनही गेलो.

तिच्या येण्यानंतरच्या पहिल्या रविवारी पातळी तेरा मिलिमीटर उतरली होती. वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुढच्या रविवारी चौदा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेरा. त्या दिवशी मी टाकीच्या मागे वाकून हात घातला तर गालिचा ओला लागला. स्टँडची मागची फळी खालून फुगली होती, पाण्यात पडलेल्या बिस्किटासारखी. मासे कपडे धुण्याच्या खोलीतल्या मोठ्या टबात हलवले आणि टाकी अर्धी उपसली. माझ्या मुलीने टबाशेजारी स्टूल टाकून तिथेच गृहपाठ करायला सुरुवात केली.

मी वही उघडून बसलो. दहा आठवडे सहाच्या आसपास, आणि नंतर एकदम तेराच्या आसपास. मधे घडलेली गोष्ट एकच, तो ठक् आवाज. आलेख काढला तर रेघ त्याच आठवड्यात पायरीसारखी वर गेलेली दिसली. आलेख स्वच्छ होता, आणि मला स्वच्छ आलेख आवडतात.

फॉर्म भरला. सोबत आकड्यांचा तक्ता आणि आलेख जोडला. मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या टेबलापाशी जेवत असताना मी कागद तिच्यासमोर ठेवला.

"हे जरा वाच. खाली साक्षीदार म्हणून सही लागेल."

तिने हात धुतले, पुसले आणि दोन्ही पानं वाचली. दुसरं पान दोनदा वाचलं.

"काका, हे खरं नाहीये."

"कोणता आकडा चुकलाय?"

"आकड्याचं नाही म्हणत मी. माझी बॅग टाकीला लागलीच नाही. समोरच्या भिंतीला लागली. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मी तुला दोष देत नाही. धक्का काय, कोणाकडूनही लागू शकतो. पण त्यांनी विचारलंय, तर जे आहे ते लिहायला नको?"

"जे आहे ते लिहा ना," ती म्हणाली. "हे जे आहे ते नाहीये."

बायको ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "पोरीला जेवू तरी द्याल का? का आधी पंचनामा?"

तिने सही केली नाही. मी साक्षीदाराच्या जागी लिहिलं, 'सही करण्यास नकार'. तेव्हा मला तेही काटेकोरपणाचंच वाटलं. फॉर्म दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकला.

कंपनीचं उत्तर नऊ दिवसांनी आलं, चार ओळींचं. टाकीला धक्का लागल्याचं आपणच नमूद केलं आहे, धक्क्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आपण दिलेल्या तपशिलाबद्दल आभार. पत्र घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, दाढीवाला, हाफ पँटमधला ऑस्ट्रेलियन. त्याने पत्र वाचलं, मग माझ्या फॉर्मची प्रत वाचली, आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहत राहिला.

"मेट," तो म्हणाला, "मी तेवीस वर्षं हे दुकान चालवतोय. त्या चौकोनात सगळे 'नो' लिहितात. आलेख काढून 'येस' लिहिणारा तू पहिलाच."

"पण धक्का लागला होता."

"तू पाहिलास?"

"ऐकला."

माशांच्या खाण्याचा एक छोटा डबा त्याने माझ्या मुलीसाठी म्हणून माझ्या हातात दिला.

घरी येऊन पत्राबद्दल सांगितलं तेव्हा ती मुलगी तिथेच होती. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला म्हणाली, "काकू, मी शनिवारी जाते. सेंट ऑल्बन्सला पाच मुली राहतात, त्यांच्याकडे हॉलमध्ये एक गादी रिकामी आहे."

"अगं, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. हॉलमध्ये कुठे अभ्यास करणार?"

"लायब्ररीत करेन."

"मग आत्ताच कशाला? परीक्षा होऊ दे, मग जा."

"इथे राहिले तर कप फुटला तरी मला वाटणार, आता वहीत माझं नाव लिहिणार." मी पलीकडच्या खोलीत होतो. मी ऐकतोय हे तिला माहीत होतं. "आणि तिकडच्या मुली विचारत होत्या, एवढी चांगली खोली का सोडतेस. मी काय सांगू त्यांना?"

मी उठून गेलो नाही. त्या क्षणीही मला आपण चुकलोय असं वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते वेगळं. आकडे माझ्या बाजूने होते, आणि त्या आकड्यांना दुसरं कारण मला दिसत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा बायको स्टीलची कळशी घासत होती. ही कळशी पुण्याहून आमच्यासोबत आलेली. इथे नळाला चोवीस तास पाणी असतं, तरी बायको कळशीत पिण्याचं पाणी भरून ठेवते आणि रोज सकाळी आदल्या दिवशीचं शिळं पाणी काढून ताजं भरते. तिच्या आईकडे तसं होतं म्हणून. त्या दिवशी सकाळी राहून गेलं होतं म्हणून संध्याकाळी चाललं होतं. घासता घासता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाते बिचारी उद्या. आता निदान कळशीत शिळं पाणी तरी उरेल माशांना घालायला."

मी बूट काढत होतो. एक बूट हातात तसाच राहिला.

"माशांना घालायला म्हणजे?"

"म्हणजे काय? शिळं पाणी मी टाकीतच घालायचे ना रोज. एवढा दुष्काळ चाललाय, बागेला पाणी घालायचं तर ठरवून दिलेला वार बघावा लागतो, आणि मी चांगलं पाणी मोरीत ओतू? शिवाय रात्रभर ठेवलेलं पाणी माशांना चांगलं, असं तुमचा तो दाढीवालाच म्हणाला होता."

"कधीपासून घालायचीस?"

"टाकी आली तेव्हापासून. ही पोर आली आणि बंद झालं. सकाळी मी उठायच्या आधी कळशी रिकामी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वही लिहिता, मी पाणी घालते. मला काय माहीत तुमच्या वहीत काय असतं."

मी बूट खाली ठेवला आणि विचारलं, रोज साधारण किती घालायचीस? ती म्हणाली, दोन-अडीच पेले. पेला काढून मापाच्या भांड्यात ओतून पाहिला. दोनशे मिलिलिटर. अडीच पेले म्हणजे पाचशे मिलिलिटर, आठवड्याला साडेतीन लिटर. बाराशे गुणिले चारशेच्या टाकीत एक मिलिमीटर म्हणजे अर्ध्या लिटरला जरासं कमी. साडेतीन लिटरचे होतात सात मिलिमीटर. पहिले दहा आठवडे सहा, अधिक सात. तेरा.

म्हणजे टाकी पहिल्या आठवड्यापासूनच तेरा मिलिमीटर उतरत होती. त्यातले सात बायको रोज सकाळी गुपचूप भरत होती आणि मी रविवारी उरलेले सहा मोजत होतो. बॅगेने काही केलं नव्हतं. टाकी कारखान्यातूनच गळकी आली होती. आलेखावरची पायरी होती ती कळशीची.

मी ते गणित तीनदा तपासलं. मग त्या मुलीच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. बॅग पलंगावर उघडी होती, अर्धी भरलेली.

"एक विचारायचंय," मी म्हटलं. "सकाळी कळशीतलं पाणी तू घेतेस?"

तिचा चेहरा घट्ट झाला. "हो. का? तेही लिहायचंय?"

"हो, लिहायचंय. पण ऐकून घे आधी."

"मी शिळंच घेते, काका. काकू ताजं भरायच्या आधी. ट्रेनसाठी बाटली भरते त्यात. ताजं तुमच्यासाठी राहावं म्हणून. आमच्याकडे टँकर आठवड्यातून एकदा यायचा, शिळं पाणी टाकून देणं मला बघवत नाही." मग एक कपडा बॅगेत टाकत, "घेऊ नको म्हणत असाल तर नाही घेणार. तसंही उद्या जातेय मी."

मी तिला वही दाखवली. उभ्याउभ्याच समजावलं: अडीच पेले, साडेतीन लिटर, सात मिलिमीटर. ती अकाउंटिंगची मुलगी. दुसऱ्या वाक्याला तिला कळलं. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पहिल्या दहा आकड्यांपुढे एकेक अधिक सात लिहीत गेली. तेरा, चौदा, तेरा, तेरा, बारा, चौदा. दहाही झाल्यावर पेन्सिल परत दिली.

"म्हणजे एक रकाना राहिला होता," ती म्हणाली.

"राहिला होता. चूक माझी आहे. तू सांगत होतीस ते खरं होतं आणि मी ते लिहून घेतलं नाही." एवढं म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगणं भाग होतं. "समोरच्या भिंतीला, खालच्या पट्टीवर, बॅगेच्या चाकाचा काळा डाग आहे. तो मी फॉर्म भरायच्या आधीच पाहिला होता. तो कशात धरावा ते मला कळलं नाही, म्हणून सोडून दिला."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सोडून दिला नाही, काका. तुम्हाला नको होता तो."

मी वही घेऊन बाहेर आलो.

शनिवारी सकाळी मी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या फॉर्ममधली सातव्या प्रश्नाची नोंद चुकीची आहे. टाकीला धक्का लागलेला नाही. संबंधित व्यक्तीने ते त्याच वेळी सांगितलं होतं आणि तिचा सहीला नकार योग्य होता. मूळ तक्त्यात घरातून रोज घातलं जाणारं पाणी धरलेलं नव्हतं. सुधारित तक्ता सोबत आहे. भिंतीवरच्या डागाचा फोटोही जोडला. कागद तिच्यासमोर ठेवला. या वेळी सही मागितली नाही.

तिने वाचलं. "इथे 'रोज पाचशे मिलिलिटर' लिहिलंय. 'सुमारे' लिहा. काकू पेले मोजून थोड्याच घालायच्या?"

मी 'सुमारे' घातलं. मग तिने पेन मागितला आणि आपणहून खाली सही केली, पूर्ण नावाने.

बायको दारात उभी होती. "झालं ना? आता बॅग रिकामी कर आणि पोहे खायला ये."

"काकू, मी तिकडे हो म्हटलंय."

"मग फोन करून नाही म्हण. ती गादी काय ओस पडणार आहे?"

तिने फोन केला. गादीला खरोखरच दहा मिनिटांत दुसरी मुलगी मिळाली. पण बॅग तिने उघडली नाही. ती पॅसेजमध्ये उभी करून माझ्याकडे आली. "आधी पत्र पोस्टात पडू दे, काका. मग बॅग उघडते."

"सोमवारी ऑफिसला जाताना टाकतो."

"पोस्ट ऑफिस आत्ता उघडं आहे."

"जाओ, बाबा," टबापाशी बसलेली माझी मुलगी ओरडली. मराठी म्हणून ती जे बोलते त्यात निम्मं शाळेतल्या मित्रमैत्रिणींचं हिंदी असतं. "शी इज राइट."

वृद्धाश्रमातली तिची शिफ्ट दुपारची होती. आम्ही दोघं गाडीने गेलो. पत्र मी रजिस्टर केलं. काउंटरवरच्या बाईंनी पावती दिली ती मी सवयीने खिशात घालणार होतो, तेवढ्यात तिने हात पुढे केला. मी पावती तिला दिली. तिने ती नीट वाचली, घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "चला."

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. त्याने टाकी पूर्ण रिकामी केली, मागच्या खालच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मला बोलावलं. वीतभर लांबीत सिलिकॉन काचेला चिकटलेलंच नव्हतं, आत बुडबुड्यांची एक ओळ दिसत होती. "हे पहिल्या दिवसापासून असंच," तो म्हणाला. स्टँडचा कोपरा, समोरची भिंत, काही बघायची त्याला गरज वाटली नाही. दोन आठवड्यांनी नवी टाकी आणि नवा स्टँड आला. अकरा माशांपैकी दहा टबात टिकले होते. नव्या टाकीत ते सोडले तेव्हा परीक्षेचे दोन पेपर झाले होते, दोन राहिले होते.

ती मुलगी आमच्याकडे पुढे सव्वा वर्ष राहिली. वही चालू राहिली, तिच्यात एक रकाना वाढला: घातलेलं पाणी. तो बायको भरत नसे, माझी मुलगी विसरत असे. रोज सकाळी बाटली भरून झाल्यावर कळशीत जे उरेल ते टाकीत घालून तो आकडा जतकडची मुलगीच लिहायची. तिच्या बाटलीत किती गेलं ते मात्र तिने कधी लिहिलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पहिल्या फॉर्मची प्रत अजून फाइलमध्ये आहे, 'सही करण्यास नकार' या शब्दांसकट. नोकरी लागून ती सिडनीला गेली त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, ती फाडून टाकू का. "नको," ती म्हणाली, "फॉर्म आणि पत्र, दोन्ही राहू देत. एकापाठी एक लावा फक्त." मी तशीच लावली आहेत. पोस्टाची पावती तिच्याकडेच राहिली.